वजन डाव्या पायावर

मुल्लाणी मॅडम म्हणतात, सावकाश.
त्याहून सावकाश.
भरलेली घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर द्यावी
तसं वजन उजव्यातून डाव्यात ओता.
सांडू देऊ नका.

उद्यमनगरातल्या एका शेडच्या वरचा हा हॉल.
खाली कुणाचं तरी लेथ चालू आहे.
आवाजावरून सांगतो : बिडाचा जॉब, टूल बोथट.
इथं आम्ही सहा जण.
पोलीस भरतीची तयारी करताना पडलेली कागलची पोरगी,
न्हाणीत घसरलेले देसाई मास्तर,
सगळे पाण्याखाली असल्यासारखे हात हलवतोय.
पेठेतलं कुणी बघितलं तर?
तीन नंबरची जर्सी, लेफ्ट बॅक,
आणि हवेत मांजर कुरवाळतोय.

आठ महिने झाले.
मांडीमागची शीर काढून गुडघ्यात ओवली,
दोन स्क्रू मारले.
एवढं मला समजलं, हे काम मी रोज करतो.
डॉक्टर म्हणाले, घट्ट बसलंय.
पण पार्ट बसलाय
हे मशीनला अजून माहीत नाही.
जिना उतरताना डावा पाय
हवेतच थांबतो,
परक्या गल्लीच्या तोंडाशी कुत्रं थांबावं तसा.

डोळे मिटा. गुडघ्यानं ऐका.
आधी नुसता श्वास.
मग तळव्याखालची सतरंजी.
मग अंगठा, करंगळी, टाच,
कोण किती भार घेतंय
ते सुताच्या हिशेबात कळायला लागतं.
मग ती मॅच येते. दरवेळी येतेच.
मी हाकलून द्यायचो.
आज त्या म्हणाल्या, येऊ दे,
फक्त तिलाही सावकाश करा.

फीड कमी केला.

चेंडू उजवीकडून येतोय.
सुशांत अतिग्रे येतोय, कपाळाला चिकटलेले केस.
माझे स्टड मातीत रुततात.
कंबर वळते.
गुडघा वळत नाही.
बाटलीचं बूच निघावं तसा आवाज.
आणि अतिग्रे
अजून दोन हात लांब आहे.

पुन्हा बघितलं.
दोन हात. बोटसुद्धा लागलं नाही.

आठ महिने मी पेठेत सांगत आलो, त्यानं मारलं.
पोरांनी त्याची गाडी फोडली, मी गप्प.
शहाळं घेऊन दवाखान्यात आला
तर मी भिंतीकडं तोंड केलं.
खोटं बोलत नव्हतो.
मला तसंच आठवत होतं.
पायाला कुबड्या मिळाल्या,
तशी आठवणीनंही एक घेतली असणार.

गुडघ्याला मात्र सगळं माहीत होतं,
म्हणूनच तो माझ्यावर भरवसा ठेवत नव्हता.
असं मॅडमना बोललो तर हसल्या.
म्हणाल्या, पुस्तकात तसं काही नाही.
दहापर्यंत मोजा.

अतिग्रेचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट नाही. सव्वीस पायऱ्या, खालून मोजल्या.
काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.
चढणं तसं सोपं,
उतरतानाचं उतरताना बघू.

डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.
ओतलं.
थोडं सांडलं.
वरून सोल्डरिंगचा वास येतोय.