विरळणी

सगळ्यात खरा आरसा माझ्या स्कूटीचा.
द्वारकेच्या सिग्नलला एकशे दहा सेकंद,
सकाळचं ऊन थेट हनुवटीवर,
आणि रात्री बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात जे नव्हतं
ते तिथं उभं, काळं, ताठ,
माझ्या आधी उठून तयार झालेलं.
पर्समध्ये चिमटा असतो. मागून ट्रक हॉर्न देतो.
एक निघतो.
बाकीचे पिंपळगावपर्यंत माझ्याबरोबर येतात.

पॅकहाउसमध्ये टोपी, मास्क, हातमोजे.
मार्चमध्ये सगळ्या कुरकुरतात, जीव गुदमरतो म्हणतात.
मी नाही.
मण्याला रिंग लावायची, अठरा मिलिमीटर,
बारीक तो बाजूला, डागाचा तो बाजूला.
दिवसभर हेच करते, आणि चांगलं करते.

दिंडोरीला आमची बाग आहे.
लहानपणी मी जीएचा मग धरून ओळीतून चालायचे,
अण्णा एकेक घड त्यात बुडवायचे.
जास्त झालं तर देठ जाड, कमी झालं तर मणी फुगत नाही.
म्हणून डॉक्टर पाठारे कागदावर अंडाशय काढून म्हणाल्या,
हार्मोनचं प्रमाण जरा बिघडलंय,
तेव्हा मला फार समजवावं लागलं नाही.
एवढंच विचारायचं राहिलं,
मला कुणी बुडवलं?

त्याआधी अकरा वर्षं दोरा.
कॉलेज रोडची हेमलता दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणायची,
"ताई, तुमचे फार चिवट."
दर दहा दिवसांनी.
तेवढ्या पैशात दोन एकरांचं ठिबक झालं असतं.
मावशीनं वणीहून अंगारा आणला, तोही लावला.

पाठारे म्हणाल्या, गोळी रोज. सहा महिने तरी काही दिसणार नाही.
ही चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत.
लेझरला दर दीड महिन्यानं या.
आता उपटायचं नाही, दोरा नाही, वॅक्स नाही,
मूळ जागेवर हवं. आदल्या दिवशी वस्तरा फिरवा.
वस्तरा?
"त्यानं जाड होत नाहीत. कुणी सांगितलं?"
कुणी सांगितलं.
सगळ्यांनी.

डबा खाताना मास्क उतरवावाच लागतो.
चार दिवस उपटलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले.
सुरगाण्याची सगुणा भोये समोर येऊन बसली, नागलीची भाकरी मोडली,
माझ्याकडे नीट पाहिलं, आणि हसली.
"माझ्या आयलाबी होती.
बाजाराच्या दिवशी ती आन् बा
एकाच आरशात दाढी करायचे.
पहिला नंबर तिचा, पाणी गरम असायचं ना."
मग म्हणाली, लोणचं दे.

त्या रात्री नवऱ्याच्या ब्रशनं मी फेस केला.
गार, पुदिन्याचा वास.
एवढ्या पांढऱ्यात माझा चेहरा पहिल्यांदा कुणाचाच नव्हता.
दारात विश्राम उभा.
काय बोलावं त्याला सुचेना,
मग म्हणाला, "उलट्या दिशेनं नको ओढू, कापेल."
कापलंच. थोडंसं.

लेझरच्या खोलीत हिरवा चष्मा देतात.
रबर फटकन सुटावं तसं लागतं,
आणि केस जळल्याचा वास, आपलाच.
चौथ्या वेळी विचारलं, कधी जातील सगळे?
"सगळे नाही जाणार. विरळ होतील."

विरळ.
कात्रीनं घडातले मणी कमी करताना अण्णा सांगायचे,
सगळे ठेवलेस तर आतले कुजतात,
वाऱ्याला जागा ठेव.
मी तेव्हा नऊ वर्षांची, माझी कात्री सगळ्यात लहान,
तोडलेल्या हिरव्या मण्यांवरून अनवाणी चालायचे.

काल द्वारकेला लाल लागला.
आरशात पाहिलं, तीन होते.
चिमटा घरी.
शेजारच्या रिक्षातली शाळेची पोरगी माझ्याकडे बघत होती,
मीही बघितलं,
मग हिरवा लागला.