शटर

सभागृहात एसी जास्त आहे.
पडद्यावर मीच केलेलं: ‘संकटकाळातील नेतृत्व, पाच पायऱ्या’.
समोर बावीस नवे शाखाधिकारी,
प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि नाव छापलेला त्रिकोणी पुठ्ठा.
तिसऱ्या पायरीवर माझी जीभ अडते.

भांडुप. टेंभीपाडा शाखा. मंगळवार.
पावणेआठलाच रांग रिक्षा स्टँडच्या पुढे गेलेली,
कारण रात्री बातम्यांत आमच्या बँकेचं नाव होतं:
सहा महिने. खात्यामागे हजार रुपये. फक्त.
आम्ही मागच्या दाराने आत शिरलो, चोरासारखे.
कॅशियर तांडेल म्हणाला, शटर नको, आधी पोलीस येऊ देत.
खरं सांगतो, आम्हा सगळ्यांना तेच हवं होतं.
आमच्याकडे एक वाक्य होतं, वापरून गुळगुळीत झालेलं:
‘वरून आदेश आलाय.’
पासबुक छापलं नाही, वरून आदेश.
पंखा बंद, वरून आदेश.
वर कोण राहतं, ते कुणी पाहिलं नव्हतं.

केळुसकर मॅडमनी पदर खोचला
आणि शटर स्वतः ओढलं.
ते अर्ध्यात अडकलं, नेहमीसारखं.
बाहेरच्याच दोघांनी हात लावला तेव्हा वर गेलं.

भाषण नाही.
केबिनमधली गुबगुबीत खुर्ची बाहेर आणून
हौसाबाई वैतीला बसवलं;
तिच्या मुठीत पासबुकाची सुरळी झाली होती.
मग आमच्याकडे वळून,
डबा उघडताना बोलावं तशा आवाजात:
‘माहीत असेल ते सांगा. नसेल तर माहीत नाही म्हणा.
वरून आदेश म्हणालात, तर घरी जा.’

दुपारपर्यंत मी शंभरदा तरी ‘माहीत नाही’ म्हणालो.
पहिल्या दहांना घशात काटा, नंतर नुसतं कोरडं तोंड.
एका म्हाताऱ्या सुताराने चप्पल फेकली, ती स्टँपपॅडवर पडली.
मॅडमनी शाई पुसून परत दिली.
तो रडला बिडला नाही.
चप्पल घातली, शिवी घातली, रांगेत उभा राहिला.

शटर खाली आल्यावर कळलं,
आदल्या संध्याकाळीच मुख्य कार्यालयातून त्यांना फोन होता:
कुणाला बोलू नका.
संचालकांच्या मेहुण्यांनी त्या तासात काय केलं,
ते पुढे कोर्टात आलं.
मॅडमच्या सख्ख्या भावाचे साडेचार लाख आमच्याच शाखेत होते,
मुलीच्या लग्नाचे.
त्यांनी त्याला सांगितलं नाही.
हौसाबाईलाही सांगितलं नाही.
हे दुसरं मला अजून पचत नाही.

बँक वाचली नाही. दुसरीत मिसळली, पाटी बदलली,
पैसे हप्त्याहप्त्याने आले, काहींच्या वारसांना.
मॅडमची रवानगी रेकॉर्ड रूममध्ये.
भाऊ भाऊबीजेला येत नाही, असं तांडेल सांगतो.
तो स्वतः हल्ली काउंटरवर
‘व’ म्हणतो, आवंढा गिळतो, आणि फाईल काढायला उठतो.

मागच्या ओळीत एक हात वर होतो. पुठ्ठ्यावर नाव: रेवती धनावडे.
‘सर, चौथी पायरी?’
मी पडद्याकडे बघतो. तिथे लिहिलंय: ‘संवाद’.
माहीत नाही, मी म्हणतो.
आणि विचारतो,
तुमच्या शाखेचं शटर
नेमकं कुठे अडकतं?