सातवी रात्र

"टॉन्सिलचं काय एवढं," डॉक्टर म्हणाले होते,
"दुधाचा दात पडल्यासारखं."

सहा दिवस नावुएल आइस्क्रीमवर जगला.
शेजारच्या एल्सिराने कालाफातेचं दिलं होतं, जांभळं.
म्हणून उशीवरचा डाग पाहून
मी आधी त्याच्यावर ओरडले.

मग ऐकू आलं.
झोपेत तो गिळत होता. पुन्हा. पुन्हा.

पुन्ता अरेनासचा वारा
टॅक्सीचं दारच उघडू देईना.

आता दोन वाजलेत.
नर्स म्हणते, रक्त थांबलंय, टेका जरा.
मी त्याच्या गळ्याकडे बघत
दोन आवंढ्यांमधलं अंतर मोजते.

कालाफाते खाल्लेला माणूस परत येतो, म्हणतात इथे.
खाल्लंय त्याने. वाटीभर.

मी ओरडले तेव्हा
झोपेतच "चुकलो" म्हणाला होता,
आणि आवंढा गिळला होता.