भांगाचं पाणी

तिकिटाच्या खिडकीवर विचारलं, ज्येष्ठ नागरिक?
बाबा म्हणाले, स्टाफ.
मग त्यांचं त्यांनाच आठवलं,
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.

पोशादादानं बोट सोडली ती घड्याळ बघून नाही.
आज दशमी, भांगाचं पाणी, म्हणाला,
चिखल थोडाच उघडेल,
पक्षी दाटीनं बसतील.

तिवरांच्या मुळांत पिशव्या अडकलेल्या,
एका फांदीवर कुणाच्यातरी लग्नातला फेटा.
निवटे सरपटत, थांबत, आमच्याकडे बघत.
पुढच्या बाकावरची मुलगी वहीत लिहीत होती:
शेकाट्या एकवीस. तुतवार, खाडाखोड, बरेच.

वळणावर वास आला.
सगळ्यांचे रुमाल नाकाला.
बाबांनी मात्र छाती भरून घेतला
आणि म्हणाले, तीन नंबरचा पंप चालू आहे.

तीस वर्षं त्यांनी या शहराची घाण
उपसून खाडीत सोडली.
रात्रपाळीहून आले की आई
दाराबाहेरच बादली ठेवायची.
शाळेत मी सांगायचे, बाबा पाणीखात्यात आहेत.
तसं ते खोटं नव्हतं.

पोशादादानं इंजिन बंद केलं.
पुलापलीकडे आधी वाटलं
कुणी लुगडी वाळत घातलीत,
मग ती लुगडी चालायला लागली.
हजारोंनी रोहित, माना खाली, चोची उलट्या,
चिखल चाळताहेत, सणाआधी बायका पीठ चाळतात तसे,
कुणाला मान वर करायला सवड नाही.

वहीवाली मुलगी सांगत होती,
कच्छातून येतात, पिल्लं करडी असतात,
शेवाळ खाऊन खाऊन गुलाबी होतात.
शेवाळ कशावर वाढतं? बाबांनी विचारलं.
ती अडखळली.
सांडपाण्यावर, काका.

बाबांनी माझ्याकडून दुर्बीण घेतली, उलटी धरली,
सरळ केली. बराच वेळ काही बोलले नाहीत.
तेवढ्यात एक थवा उठला,
पंखांच्या आतला तो रंग,
आणि सगळी बोट एकदम ओरडली,
रोज बघणारा पोशादादासुद्धा.
बाबा बोटांच्या पेरांवर
काहीतरी मोजत होते. पक्षी नव्हेत, बहुतेक पाळ्या.

परतताना पाणी चढू लागलं.
सोनकांबळेला आणायला हवं होतं,
एवढंच म्हणाले.

सोनकांबळे म्हणजे तो,
सत्त्याण्णवच्या जुलैत टाकीत उतरलेला,
ज्याच्या चपला
वरच राहिल्या होत्या.