बॅच सतरा

पहाटे पाचला टँकर येतो कुपवाडच्या शेडवर.
पाइप सोडता सोडता तातोबा ड्रायव्हर म्हणतो,
"डिस्टिलरीनंपण नको म्हटलेला गाळ हा, मॅडम.
तुमचे किडे खातात तरी कसा?"
किडे नव्हेत, तातोबा. जिवाणू.
"तेच ते."

टाकीच्या बुडाची मळी. काळी, चिकट,
करपलेल्या काकवीच्या वासाची.
ओढणीतून तो वास जात नाही;
मिरजेच्या बसमध्ये शेजारीण सरकून बसते.

चुना घालते, निवळू देते, पाण्यानं पातळ करते.
ऑटोक्लेव्ह बिघडलाय, म्हणून कॅन्टीनचा मोठा कुकर,
आठ शिट्ट्या.
पहिल्या दिवशी त्यांना सगळं द्यायचं.
दुसऱ्या दिवशी नत्र तोडायचं.
मग साखर समोर असून वाढता येत नाही त्यांना,
आणि ते साठवू लागतात
पोटात पांढरे, गोल, चमकते कण.
त्याचंच प्लॅस्टिक.

हे मला पुस्तकाआधी ठाऊक होतं.
कारखान्यानं पगार थकवला त्या वर्षी
अब्बांना पगाराऐवजी साखरेचं पोतं मिळालं.
डाळ नव्हती घरात. अंडं तर नाहीच.
शमीम आणि मी तिन्ही वेळा
गोड चहात चपाती बुडवून खायचो.
उंची थांबली, गाल तेवढे फुगले.
शेजारी म्हणायचे, पोरींनी बाळसं धरलंय.

सोळा बॅचा गेल्या.
फेस उतू गेला, वीज गेली, बुरशी चढली,
एकदा तर मीच झाकण लावायला विसरले.
क्लोरोफॉर्म परवडत नाही; धुण्याच्या ब्लीचनं पेशी फोडते.
सतराव्या बॅचला काचेवरून पापुद्रा सुटला,
कांद्याच्या सालीहून पातळ.

संचालकांचा फोन: "किलोला किती पडतं, मुजावर मॅडम?"
सांगितलं.
"बापरे. मग पिशवी घेणार कोण?"
मी त्यात कुकरचा गॅस धरला नव्हता,
त्यांनी नदी धरली नव्हती.
फोन दोघांनीही हळूच ठेवला.

एक पट्टी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली होती, चार बोटं खोल.
त्रेचाळीसाव्या दिवशी चमच्यानं माती उकरली.
मुळं निघाली, एक गांडूळ, कौलाचा तुकडा.
पुन्हा उकरली. चहाच्या गाळणीनं चाळली.
तातोबा वाकून बघत होता. "हरवलं व्हय?"
मी नोंदवहीत लिहिलं: नमुना सापडला नाही.
आणि सही एवढी मोठी केली
की खालच्या दोन ओळी तिनंच खाल्ल्या.