प्लॉट एकेचाळीस

सकाळी सहाला इथे गारठा असतो,
वाळूचा, हाडात शिरणारा.
गुलबाज कानाला मफलर गुंडाळून
स्टाफ धरतो पाण्याच्या कडेला,
मी दुर्बिणीला डोळा लावतो.

तळं तसं खोटंच.
अल ऐनचं सांडपाणी, शुद्ध करून सोडलेलं,
खोलगटात साचत गेलं वीस वर्षं.
कुणी बोलावलं नव्हतं,
तरी बोरू उगवला, मागोमाग मासे,
आणि थंडीत थापटे, तलवार बदकं,
लाल तंगड्यांचे शेकाटे.

आज काचेत स्टाफऐवजी शेकाट्याच आला.
एकेचाळीसचा आग्नेय कोपरा.
चिखलात एका पायावर,
मालकासारखा.
गुलबाज ओरडला, "रीडिंग?"
"थांब."

पोकलेन आठला सुरू होतो.
आधी बोरू काढायचा, मग भराव,
मग तळाला प्लास्टिक,
मग पाणी परत, जास्त निळं,
मधोमध कारंजं.
माहितीपत्रकावर रोहित पक्षी आहेत, अठरा.
मी मोजले.
परवा तळ्यात सात होते. काल चार.

रात्री नमुना-बंगल्याचे दिवे पाण्यात उतरतात.
वॉचमन बिष्णू सांगतो,
बदकं झोपतच नाहीत,
या काठावरून उठतात, त्या काठावर बसतात, परत उठतात,
कुणी अंधारात चादरी झटकाव्यात तसा आवाज.

उरणला आमचंही खाजण होतं.
बाबांनी सही केली तेव्हा मी नववीत.
भराव पडला, कंटेनर आले,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून
माझा सर्व्हेचा डिप्लोमा झाला.
त्या डिसेंबरात पक्षी आले,
दोन दिवस वरच्या वर घिरट्या घालत राहिले.
मग कुठे गेले
ते आमच्यात कुणी विचारलं नाही.
आम्हाला स्लॅब टाकायचा होता.

तेच इथे आले असतील, असं म्हणायला बरं वाटतं.
पण मी आकड्यांचा माणूस,
हिशेब तसा जुळत नाही.

"साहेब, हात गळाला."

शेकाट्या उडाला नाही.
दुसरा पाय खाली टेकला,
चार पावलं चालला, चोच बुडवत,
बेचाळीसमध्ये.

मी आकडा लिहिला.
गुलबाजने खुंटी ठोकली, लाल फीत बांधली.

बेचाळीस उद्या.