कल्लोळचा उतार

तीस वर्षं मी बुडालेल्या जहाजांची कारणं लिहिली
माझगावच्या गोदीत, चहाचे डाग पडलेल्या टेबलावर.
रिवेट, झडप, भरतीचं कोष्टक,
पहाटे चारची पाळी करणाऱ्या माणसाची झोप.
जहाज एकाच कारणानं बुडत नाही,
अहवालात मात्र एकाच कारणाला जागा असते.

आता चिकोडीत राहतो. समुद्र घाटाखाली राहिला.
लोक म्हणतात, इथं काय बुडणार, साहेब?
उसाची ट्रॉली?

कचेरीच्या रेकॉर्ड-खोलीत एक बाड मिळालं,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
कल्लोळचा उतार, आश्विन, सन एकोणपन्नास.
नाव एक, माणसं एक्केचाळीस, म्हशी दोन,
गुळाच्या ढेपा (मोजल्या नाहीत).
या काठापासून त्या काठाला काथ्याचा दोर,
तो धरून नाव ओढायची.
वाचले नऊ.
नावाडी रुद्राप्पा अंबिगेर त्यांत नाही.

कारकून गोपाळराव हेरवाडकर यांचं अक्षर सुरेख,
वेलांटीलासुद्धा घाई नाही:
‘नदीस अकस्मात लोंढा आला. नावाडी यानें धीर सोडून
हरिनामाचा उच्चार केला. सबब, दैवी आपत्ती.’

सबब म्हणजे कारण.
सबब म्हणजे बहाणाही.
मी त्या शब्दावर बोट ठेवून बरेच दिवस काढले.

सून गोकाकची. परवा वाळत घातलेली साडी ओढताना
पदर तारेत अडकला.
‘अय्य, हरीतु!’
काय झालं गं?
‘फाटली हो, मामा.’

रात्री उठून दिवा लावला.
हरि: कानडीत फाटणं, तुटणं.
वाहणंही.
आणि कुणाला ओरडून सांगितलं तर, तोड.
पंचनाम्याचं शेवटचं पान पुन्हा काढलं:
‘प्रेताचे गळ्यांत लिंग.’
शिवाला सोडून त्यानं त्या घटकेला
हरीला कशाला बोलावलं असेल?

अक्काताई मगदूम तेव्हा सात वर्षांची.
आता मांजरीला, लेकीच्या घरी.
‘मधोमध दोर कप्पीत अडकला. नाव आडवी झाली.
एका अंगानं पाणी चढाय लागलं.
रुद्राप्पा पुढनं वराडला.’
काय वराडला?
‘हरि, हरि. आणि काय काय, ते नाही कळलं.’
मग?
‘मग आम्ही समद्यांनी हात जोडलं.
आमचा आबा मोठ्यांदा नाव घ्याय लागला,
त्याच्या मागनं सगळीच.’

विचारू नये असं वाटलं.
जुनी सवय, विचारलं:
नावेत कुणाजवळ विळा होता?

‘होतं की, चार-पाच.
बायका गवताला निघाल्या हुत्या.
आईच्या तर मांडीवरच.’

अक्काताईला आता कानडी येतं,
नातवंडांशी ती तेच बोलते.
तिनं बशी खाली ठेवली.
आत कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला.
‘तुमी हे कशाला इचारलं?’ असं ती म्हणाली नाही.
म्हणाली, ‘चहा गार झाला तुमचा.’

घरी येऊन कलमं लिहिली.
एक, माणसं जास्त. दोन, कप्पी गंजलेली.
तीन, दोर तीन पावसाळ्यांचा.
चार, लोंढा, तोही खराच.
पाच लिहिलं, पुढं पूर्णविराम दिला,
मजकूर दिला नाही.
दोर आधीच तुटला असेल,
तो नुसता सांगत असेल.
किंवा खरंच देवाला हाक असेल;
मरणाऱ्याची साक्ष कुणी घ्यायची?
हेरवाडकरांनी जे ऐकलं तेच लिहिलं.
ऐकायला तेही त्या दिवशी काठावर नव्हते.

काल उतारावर गेलो. आता पूल आहे.
बसची पाटी पुढून कानडी, बाजूला मराठी, ती खरवडलेली.
खाली एक पोरगं म्हशी धूत होतं.
पाणी किती रे आज? मी माझ्या मोडक्या कानडीत विचारलं.
त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.
‘हरीतैति,’ म्हणालं,
आणि म्हशीच्या पाठीवर
ओंजळभर पाणी फेकलं.